वायसर, स्प्रिंग आणि छर्रा : बेळगाव पट्ट्यातल्या हवेच्या बंदुका

(दृश्य : वर्कशॉपचं टेबल. जुनी रायफल उलगडून ठेवली आहे. नळी, स्प्रिंग, पिस्टन, दस्ता.)

ही जर्मन डायना. सत्तावीस नंबरचं मॉडेल. यातला मोलाचा भाग कुठला असं विचारलं तर दहातले नऊ जण नळीवर बोट ठेवतील. बंदूक मात्र बंद पडली होती ती पिस्टनच्या तोंडाशी बसणाऱ्या या चामडी वायसरपायी. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारलेल्या पिढीला तो लगेच ओळखू येईल. स्टोव्हच्या पंपातही वाटीच्या आकाराचं असंच चामडं असायचं, आणि ते सुकलं की कितीही दांडा मारा, हवा मागून निसटायची.

छऱ्याच्या बंदुकीत दारू नाही, काडतूस नाही. नळी सांध्यात मोडून, म्हणजे दुमडून, खाली ओढली की पिस्टन मागं सरकतो आणि स्प्रिंग दबून अडकते. चाप ओढला की तीच स्प्रिंग पिस्टनला पुढं ढकलते, समोरची हवा आवळली जाते, बारीक भोकातून नळीत शिरते आणि छर्रा निघतो. सगळा खेळ हवा अडवून धरायचा. नाव जर्मन असो की इंग्लिश, हवा निसटली की छर्रा पत्र्याचा डबासुद्धा भेदत नाही.

(दृश्य : निपाणीकडचा रस्ता. चप्पल कारागिराचं घर.)

जुन्या बंदुका जमवणाऱ्यांना बेळगाव, निपाणी, अथणी या पट्ट्यात एक गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे चामडं कळणारे हात. कोल्हापुरी चप्पल म्हटलं की जग कोल्हापूरचं नाव घेतं. पण २०१९ साली चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आणि बेळगाव त्यातला एक. अथणी तालुक्यात, निपाणीच्या आसपास पिढ्यान् पिढ्या हेच काम चालतं. इथलं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. असं चामडं भिजवून दाबलं की दिलेला आकार धरून बसतं. रासायनिक क्रोममध्ये कमावलेलं मऊ चामडं तसं बसत नाही, वाळलं की पुन्हा पसरतं. वायसरला लागतं ते पहिलं. म्हणजे जे चपलेच्या तळाला चालतं, तेच.

कारागीर जाड तुकड्यातून गोल चकती कापतो, पाण्यात भिजवतो आणि लेथवर करून घेतलेल्या साच्यात दाबून ठेवतो. रात्रभरात तिची वाटी होते. मग धार तासायची. वाटी सिलिंडरात जराशी घट्ट बसायला हवी. सैल बसली तर हवा जाते, फार घट्ट बसली तर पिस्टन रडत रडत पुढं जातो. नंतर तिला तेल पाजायचं आणि चांगलं मुरू द्यायचं.

तेलाबद्दल इथं थोडं थांबू. आपल्याकडे घरोघरी बंदुकीत खोबरेल घातलेलं सापडतं. थंडीत ते गोठतं, जुनं झालं की चिकट राळ होते. शिलाई मशीनचं तेल त्याहून पातळ, आणि त्याचा उपद्रव वेगळा. पिस्टन दणक्यात पुढं येतो तेव्हा आतली हवा इतकी तापते की पातळ तेल पेट घेतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगशिवाय होतं तेच. मोठा बार होतो, नळीतून धूर येतो, आणि पोरांना वाटतं, वा, काय जोर आलाय! तो जोर स्प्रिंग आणि वायसर दोन्ही खातो.

(दृश्य : डायनाच्या सिलिंडरवरचा शिक्का, अगदी जवळून.)

आता शिक्का बघा. एक देवी, एका हातानं बंदूक वर धरलेली, धनुष्यबाण खाली टाकलेला. शिकारीची रोमन देवता डायना. जर्मनीतल्या राश्टाट गावी १८९० साली सुरू झालेल्या मायर उंड ग्रामेलश्पाखर या कारखान्याची ही खूण. पण देवी दिसली म्हणून बंदूक जर्मन असेलच असं धरून पैसे मोजू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रं आणि डायना हे नाव ब्रिटनकडे गेलं, आणि स्कॉटलंडमधल्या मदरवेलची मिलब्रो कंपनी त्या नावानं बंदुका काढू लागली. जर्मन कारखाना १९५०च्या सुमारास पुन्हा उभा राहिला, तरी ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचंच नाव लावता येईना. तिथं त्याचा माल ‘ओरिजिनल’ या नावानं विकला जाई. नाव परत मिळालं ते १९८०च्या दशकात. म्हणून देवीच्या आसपास गावाचं, देशाचं नाव काय आहे ते वाचायचं. जर्मन बंदुकीवर बहुधा सिलिंडरच्या मागच्या टोकाला बारीक आकडे सापडतात, महिना आणि वर्ष. भिंग घेऊन जा. विकणारा ‘आजोबांनी इंग्रजाच्या काळात घेतलेली’ म्हणून सांगत असतो आणि शिक्का म्हणतो १९७४.

(दृश्य : चापाचा भाग. चिमट्यात धरलेली पोलादी गोळी.)

सत्तावीस नंबरच्या युद्धानंतरच्या मॉडेलचं खरं कौतुक चापाचं. पिस्टनचा दांडा धरून ठेवायला आत तीन पोलादी गोळ्या असतात. चाप इतका हलका आणि साफ सुटतो की आजच्या स्वस्त बंदुकांनी लाजावं. हौशी माणूस घरी बंदूक खोलतो तेव्हा या गोळ्या टणाटण फरशीवर जातात आणि कपाटाखाली नाहीशा होतात. जोडताना त्या घट्ट ग्रीसमध्ये चिकटवून बसवायच्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्या मामांनी खोलण्याआधी टेबलावर पांढरं धोतर अंथरलं होतं, गोळी पडली तरी दिसावी म्हणून. “गोळी हरवली तर नवी मिळंल की,” ते म्हणाले, “पर मापाची मिळंपर्यंत बंदूक पोत्यात.”

दुसरं नाव बीएसए. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण. लिंकन जेफ्रीज नावाच्या बंदूककाराच्या पेटंटवर त्यांनी १९०५ साली हवेची रायफल काढली. तिची नळी मोडत नाही, नळीखालची दांडी ओढायची. त्यांच्याच १९४८च्या एअरस्पोर्टर मॉडेलमध्ये दांडी ओढताच छर्रा घालायची तोटी आपोआप उघडते. तोटी पितळी नळासारखीच झिजते, आणि झिजली की हवा तिथून जाते. ती नीट बसवून देणारा माणूस वायसर करणाऱ्यापेक्षा दुर्मिळ. तोटी गळत असेल तर भावात त्या हिशेबानंच बोलायचं.

आणि आपली देशी आयएचपी. सिमेंटचे पाइप करणाऱ्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीची. ही कंपनी वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेली. जत्रेत फुगे फोडायच्या फळीवर हात बसला तो अशाच देशी बंदुकांवर. संग्राहक तिच्याकडे नाक मुरडतात, ते मला पटत नाही. परदेशी माल येणं बंद झालं त्या काळात ज्या बंदुकीनं आपल्याकडच्या पोरांना नेम धरायला शिकवलं, ती संग्रहात नसेल तर तो संग्रह नुसता परदेशी नावांचा.

(दृश्य : बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घराचा माळा. फडक्यात गुंडाळलेली बंदूक.)

जुना माल बाहेर येतो तो वाड्यांच्या माळ्यांवरून, वाटण्या झाल्या की, नाहीतर घर पाडायला काढलं की. तेव्हा सगळ्यात आधी नळीचं माप. परवान्याशिवाय ठेवता येते ती ४.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट एकशे सत्याहत्तर इंचाची बंदूक, आणि तिचा जोर नळीच्या तोंडाशी २० ज्यूलच्या आत हवा. २०१६च्या शस्त्र नियमांत हे स्पष्ट आहे. दोन्हीपैकी एक जरी ओलांडलं तरी परवाना. आता पेच असा, की जुन्या इंग्लिश बंदुकांत पॉइंट बावीसच्या, साडेपाच मिलिमीटरच्या पुष्कळ. जुन्या बीएसएवर माप असं लिहिलेलंच नसतं, नुसता आकडा असतो. एक म्हणजे एकशे सत्याहत्तर, दोन म्हणजे बावीस. ‘दोन’ दिसला की व्यवहार तिथंच थांबवा आणि घरमालकालाही सांगा, की हिचं काय करायचं ते परवाना देणाऱ्या कचेरीत विचारा. माळ्यावर धूळ खातेय म्हणून तिला कायदा लागू नाही असं होत नाही.

२० ज्यूल म्हणजे किती? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगानं सुटला तर १० ज्यूल होतात. तोच २८० च्या वर गेला की २० ला टेकतो. जुन्या स्प्रिंगच्या बंदुका सहसा याच्या बऱ्याच खाली राहतात. नव्या मात्र मुद्दाम मोजून घ्याव्या लागतात. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यायचा आणि पक्कं बिल घ्यायचं. कोल्हापूरला ये-जा करताना कोगनोळी नाक्यावर कुणी डिकी उघडायला लावली तर दहा वाक्यांपेक्षा ते एक बिल कामाला येतं.

(दृश्य : बफिंग मशीन. ठिणग्या.)

जुन्या बंदुकीचा सत्यानाश गंजानं होतो त्यापेक्षा जास्त या चाकावर होतो. विकणाऱ्याला वाटतं चकचकीत केली की भाव येईल. मूळ निळसर काळी झिलई जाते, शिक्क्याची कड पुसट होते, दस्त्यावर फर्निचरचं पॉलिश चढतं. माझ्या मते डागांसकट मूळ अंगाची बंदूक अशा चकचकीतपेक्षा दुप्पट भावानं घ्यावी. स्क्रूच्या खाचा बघा. खाचा कुरतडलेल्या असतील तर आत कुणीतरी भलताच हात घालून गेलेला आहे.

बाकी पारख दुकानात उभ्या उभ्या होते. नळी हातानं डावी-उजवी हलवून बघायची, खुळखुळली तर सांधा झिजलाय. सावकाश ओढायची, आत खरखर आली तर स्प्रिंग वाकलीय किंवा तुटलीय. मग मालकाला विचारून एक बार, मागं भक्कम भिंत असलेल्या जागी. नळी आणि सिलिंडर जिथं मिटतात त्या फटीवर पातळ कागदाची पट्टी धरायला सांगायची. बार होताना पट्टी फडफडली तर हवा तिथूनच गळतेय. छर्रा न घालता रिकामा चाप ओढून दाखवणाऱ्याला थांबवायचं. समोर छऱ्याचा अडसर नसला की पिस्टन थेट टोकावर आदळतो. आणि ओढलेल्या बंदुकीत छर्रा बसवताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरलेली हवी. चाप झिजलेला असला तर ती झटक्यात मिटते, बोट आत असलं तर गेलं.

(दृश्य : उद्यमबाग. हायड्रॉलिक सिलिंडरचं काम चालू.)

आता नव्या तऱ्हेच्या बंदुका. त्यांत स्प्रिंगच नसते. नळीखालच्या टाकीत हवा आधीच भरून ठेवलेली, तिचा दाब २०० बारच्या आसपास (बार हे इथं दाबाचं माप). मोटारीच्या चाकात असते त्याच्या नव्वदेक पट. धक्का जवळपास नाहीच, म्हणून नेम सुटत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या, खोल भोकं पाडणारी यंत्रं बनवणाऱ्या घरातून आलेल्या प्रेसिहोलसारख्या देशी कंपनीनं स्प्रिंगच्याही काढल्या आणि या टाकीवाल्याही. नळी म्हणजे शेवटी एक लांब, सरळ, गुळगुळीत भोकच, त्यामुळे ते काम त्यांच्याकडे जाणं साहजिक.

पण दुखणं इथंही तेच, हवा अडवायची. चामड्याच्या जागी रबराचे ओ-रिंग आले. आणि बेळगावची गंमत अशी, की हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा धंदा इथं इतका जुना की ओ-रिंगचं माप, रबराची जात, खाच किती खोल हवी, हे उद्यमबागेत पोरगंसुद्धा सांगेल. पाव मिलिमीटरचा फरक त्याच्या नजरेतून सुटत नाही. मात्र दाबाखालची टाकी कधीच खोलायची नाही, आधी सगळी हवा सोडायची. टाकी तापवायची नाही, तिच्यावर वेल्डिंग तर नाहीच नाही.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. खानापूर, कणकुंबीकडे जूनपासून हवेत नुसतं पाणी. हातपंपानं भराल तर ते पाणी दाबासकट टाकीत जातं आणि आतून गंज धरतो. पंपाच्या तोंडाशी ओलावा शोषणारी पुडी लागते, ती बदलायची आठवण ठेवायला हवी. रिकाम्या वेळी टाकीत थोडी हवा ठेवलेली बरी, म्हणजे ओ-रिंग जागेवर बसून राहतात.

अशा बंदुकांची ओढ कुठून आली ते सांगायला नको. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राचं सुवर्ण १० मीटर एअर रायफलमधलंच. शेजारच्या कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे दिले. त्यांचं नाव झालं ते काडतुसाच्या प्रकारांत, पण नेमबाजीची सुरुवात बहुतेकांची हवेच्या बंदुकीवरच होते. १० मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. छर्रा स्वतः साडेचारचा. जत्रेतला फुगा आणि हा ठिपका, दोन्हीकडे बंदूक हवेचीच.

पाखरांवर चालवायला हवी म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदारानं बंदूक देऊच नये. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार आहे, आणि भीमगड अभयारण्यात तर बंदूक परवानगीशिवाय नेणंही गुन्हा. अरुणाचलात २०२१ साली सरकारनं मोहीम काढली आणि लोकांनी आपण होऊन एअरगन सरकारजमा केल्या, त्या पाखरांची, जनावरांची शिकार थांबावी म्हणूनच.

(दृश्य : पुन्हा टेबल. डायना जोडली जात आहे.)

पहिली बंदूक कुठली घ्यावी, असं विचारणाऱ्याला आमचं सांगणं : स्प्रिंगची, नळी मोडणारी, एकशे सत्याहत्तरची. देशी असली तरी चालेल. चार-सहा वेगवेगळे छर्रे आणून बघा, प्रत्येक नळीला एखादाच मानवतो. छर्रा शिशाचा असतो, हात धुतल्याशिवाय डब्याला हात नको. वर्षभर तीच चालवा, एकदा स्वतः खोलून तिचा वायसर बदला. टाकीवाली त्यानंतर. आणि बिघडलेली डायना स्वस्तात मिळत असेल, नळी सरळ असेल, शिक्का वाचता येत असेल, तर घासाघीस जरा कमी करा. चामडं निपाणीत आहे, लेथ उद्यमबागेत.