भिंत बंद होण्याआधी

नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. सकाळचे आठ वाजलेत, गल्लीत अजून ऊन उतरलेलं नाही, पण आत कटरची लाल धूळ छताला टेकली आहे. विटांच्या भिंतीत दोन उभ्या रेषा कापून झाल्या. आता छिन्नी-हातोडीनं मधला भाग निघतोय. या झिरीतून पाइप जाणार, पाइपातून तारा.

कालपर्यंत इथं लाकडी पट्टीवरची वायरिंग होती. उतरवताना तारेवरचं वेष्टण बोटांत चुरा होऊन येत होतं.

"काकू, कूलर कोणत्या खिडकीत बसते तुमचा?"

वायरमनचा पहिला प्रश्न हाच होता, आणि नागपुरात तोच असायला हवा. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तारेची क्षमता मात्र तक्त्यात साधारण ४० अंशांच्या हवेसाठी दिलेली असते, आणि साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच टिकतं. पश्चिमेची भिंत तापलेली, त्यात एकाच पाइपात कोंबलेल्या तारा; मग त्यांना तेवढा भार झेपत नाही. म्हणून दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची तार, प्लगला अडीचची, एसीला चारची. आणि पाइपात निम्म्याहून जास्त जागा मोकळी.

हिरवी, म्हणजे अर्थिंगची तार प्रत्येक प्लगपर्यंत गेलीच पाहिजे. आजीच्या घरी कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, आणि आम्ही पोरं चप्पल घालून पाणी भरायचो. ते किती भयंकर होतं, हे फार उशिरा कळलं. विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. अर्थिंग नीट असेल आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून बंद होणारं स्विच असेल, तर करंट पत्र्यात उतरताच पुरवठा तुटतो. या घरात दोन्ही बसतंय.

हॉलमध्ये जिप्समची नवी पार्टिशन उभी राहतेय. दोन-दोन फुटांवर पत्र्याचे उभे चॅनेल, त्यांत तयार भोकं. भोकाची कड धारदार असते. तार ओढताना आवरण सोलून निघतं. म्हणून आधी रबरी बुश, मग पाइप. अमेरिकेत घरांच्या भिंतींत लाकडी खांब असतात. तिथं भोक खांबाच्या कडेपासून सव्वा इंच आत घेतात, नाहीतर वर लोखंडी पट्टी ठोकतात. जिप्सम बोर्डाचा स्क्रू तारेत घुसू नये म्हणून.

आपल्याकडे भीती खिळ्याची. उद्या कुणीतरी फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकणारच. पाइप स्विचबोर्डाच्या सरळ वर गेला असेल, तर तो कुठं आहे याचा अंदाज येतो. तिरपा गेला असेल तर नाही. शिवाय चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारली, की भिंतच कमजोर होते.

काकूंचा मुलगा टेप धरून उभा आहे. प्रत्येक भिंतीचा फोटो निघतोय, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, सगळं दिसेल असा.

"झाले का फोटो?" मिस्त्री विचारतो, आणि झिरीवर जाळी ठोकायला घेतो.