नट हरवला त्या दिवशी

नमस्कार मंडळी. आज जुन्या कार रेसिंगबद्दल बोलायचंय, म्हणजे गाडीत कॉम्प्युटर नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, साधा सीटबेल्टसुद्धा नाही त्या काळातल्या ड्रायव्हिंगबद्दल. पण आधी एक काम करू. मी आता बरोब्बर दहा सेकंद गप्प बसतो, तुम्ही नुसते ऐका.

...

बघा, केवढा मोठा वेळ वाटला! इकडे काचेपलीकडे आमचे रेकॉर्डिंगवाले हातवारे करायला लागले, त्यांना वाटलं माईक गेला. आता याच्या पाचपट वेळ, म्हणजे ५०-५२ सेकंद, एक माणूस भर रेसमध्ये गाडी उभी करून थांबला होता, कारण काय तर एक नट सापडत नव्हता. तेव्हाच्या रेसिंग गाड्यांना चाकाला चार-पाच नट नसायचे, मधोमध एकच मोठा नट, त्याला पाखं असायची आणि हातोडा मारून तो सैल करायचा, हातोडा मारूनच घट्ट करायचा. तर मेकॅनिकच्या हातून तो नट सुटला आणि घरंगळत गाडीखाली गेला. झालं. शोधा आता. हातात असलेली जवळजवळ अर्ध्या मिनिटाची आघाडी तिथेच खलास, उलट थांबताना-निघताना गेलेला वेळ धरून माणूस बाहेर पडला तेव्हा पुढच्यांपेक्षा पाऊण मिनिट मागे.

ही तारीख ४ ऑगस्ट १९५७, जर्मन ग्रां प्री, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी कार रेस, आणि तो माणूस म्हणजे अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फान्जिओ. वय ४६. आज या वयात रेसिंग ड्रायव्हर टीव्हीवर कॉमेंट्री करतात! फान्जिओ मूळचा मेस्त्री माणूस, बाल्कार्से नावाच्या छोट्या गावातला, पोरवयापासून गॅरेजमध्ये हात काळे केलेला. तोवर चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन होऊन बसला होता.

आता ट्रॅक समजल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. न्यूर्बुर्गरिंग. पश्चिम जर्मनीतल्या आयफेल डोंगरांमध्ये १९२७ साली सुरू झालेला ट्रॅक, मधे एक पडका किल्ला आणि भोवती जंगल, त्या जंगलातून हा रस्ता फिरतो. एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी, किती? तेव्हा २२.८ किलोमीटर. एका लॅपमध्ये १७० च्या वर वळणं, आणि सगळ्यात उंच नि सगळ्यात सखल जागेत ३०० मीटरचा फरक. म्हणजे हा ट्रॅक नाहीच हो, हा घाट आहे! काही ठिकाणी चढ संपतो तिथे चारही चाकं जमीन सोडतात, पुढचं वळण दिसतच नाही, ते आधीच पाठ असावं लागतं. कारुसेल नावाचं एक वळण आहे, तिथे आतल्या बाजूला सिमेंटचा तिरका खोलगट पट्टा आहे, त्यात गाडी बरोबर उतरली तर रुळावर पडल्यासारखी फिरते आणि एखाद फूट चुकली तर हाडं खिळखिळी. ते वळण येताना दिसत नाही म्हणून फान्जिओ म्हणे नवख्यांना सांगायचा, सगळ्यात उंच झाडावर नेम धर आणि जा.

माझा एक मावसभाऊ नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. तिकडे ठराविक दिवशी तिकीट काढून कुणालाही या ट्रॅकवर स्वतःची गाडी नेता येते, तर हा पठ्ठ्या गेला. पुण्यात असताना ताम्हिणी घाटात आम्हाला सगळ्यांना गाडी शिकवणारा हा माणूस. एक लॅप मारला आणि मला फोन, "अरे तेरा मिनिटं लागली आणि हात अजून थरथरतायत." आताचा ट्रॅक थोडा लहान झालाय, गुळगुळीत डांबर, कडेला लोखंडी रेलिंग, नवी कोरी गाडी, एअरबॅग सगळीकडून. तेरा मिनिटं. तो आकडा लक्षात ठेवा.

तर फान्जिओ. लाल मॅसेराटी २५०एफ, इंजिन पुढे, टायर बारीक, अंगात साधा शर्ट. त्याचा प्लॅन असा की टाकी अर्धीच भरायची, टायर मऊ लावायचे, हलक्या गाडीने सुसाट पळून आघाडी घ्यायची आणि अर्ध्या रेसमध्ये पेट्रोल-टायरसाठी एकदा थांबायचं. फेरारीवाल्यांचा प्लॅन उलटा, टाकी फुल्ल, टायर कडक, न थांबता बावीस लॅप. फेरारीत दोन तरुण इंग्रज पोरं, माइक हॉथॉर्न २८ चा आणि पीटर कॉलिन्स २५ चा, दोघं जिगरी दोस्त.

बाराव्या लॅपला थांबला आणि नटाचा तो घोळ झाला. उरले दहा लॅप. बाहेर पडल्यावर पहिले एक-दोन लॅप काही फरकच पडेना, अंतर तेवढंच. कुणी म्हणतं नवे टायर बसायला वेळ लागला, कुणी म्हणतं म्हाताऱ्याने मुद्दाम केलं, फेरारीच्या पिटमधली, म्हणजे गाड्या पेट्रोल-टायरला थांबतात तिथली माणसं गाफील राहावीत म्हणून. मला विचाराल तर दोन्ही थोडं थोडं. फेरारीवाल्यांना वाटलं आता काय, जिंकलो.

आणि मग त्याने जे केलं ना! लॅप रेकॉर्ड मोडला, पुढच्या लॅपला परत मोडला, परत मोडला. आदल्या वर्षीचं रेकॉर्ड त्याचंच, ९ मिनिटं ४१.६ सेकंद. त्या रेसआधी प्रॅक्टिसमध्ये त्याचाच सगळ्यात वेगवान लॅप ९ मिनिटं २५.६. आणि विसाव्या लॅपला त्याने लावले ९ मिनिटं १७.४ सेकंद. स्वतःच्याच बेस्टपेक्षा आठ सेकंद कमी, ते पण टायर घासलेले असताना. सरासरी काढा, ताशी १४७ किलोमीटर पडते, घाटात, १९५७ साली, ड्रम ब्रेकवर. माझा मावसभाऊ लहान ट्रॅकवर तेरा मिनिटं!

हे जमलं कसं? नुसती छाती असून भागत नाही. त्याने नंतर सांगितलं की बऱ्याच वळणांवर तो एक गिअर वरचा ठेवून जात होता. आता ज्यांनी घाटात गाडी चालवलीय त्यांना कळेल हे काय प्रकरण आहे. आपण वळणाआधी गिअर खाली टाकतो, का, तर इंजिन गाडी आवरून धरतं आणि रेस दिली की लगेच ओढ मिळते. वरच्या गिअरमध्ये गाडी वाहत जाते, मागची चाकं फुकट फिरत नाहीत, वेग टिकतो, पण चुकलं तर सावरायला इंजिनात तेवढी तडफ नसते. म्हणजे तुम्ही वळणात शिरलात तेव्हाच बाहेर कुठे निघणार ते ठरलेलं असतं. त्यात चारही चाकं थोडी घसरत ठेवायची, स्टिअरिंग जवळजवळ सरळ आणि गाडीचं तोंड फिरवायचं ते रेस कमीजास्त करून, पायाने. अशी १७० वळणं, आणि असे लॅपवर लॅप.

एकविसाव्या लॅपला त्याने कॉलिन्सला गाठलं. ओलांडताना फान्जिओच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने कॉलिन्सच्या गॉगलची काच फुटली. त्याच लॅपमध्ये हॉथॉर्नलाही मागे टाकलं आणि रेस जिंकली ३.६ सेकंदांनी. हॉथॉर्न आणि कॉलिन्स हरले, पण असे नाचत होते की बघणाऱ्याला वाटावं यांचा बापच जिंकलाय. पाचवं विजेतेपद इथेच पक्कं झालं. ग्रां प्रीमधला हा त्याचा २४ वा विजय, आणि शेवटचा. नंतर तो म्हणायचा की इतकं वेगात मी आयुष्यात कधी चालवलं नव्हतं आणि परत चालवू शकेन असं वाटत नाही.

आता याच ट्रॅकवर थोडं मागे जाऊ. २८ जुलै १९३५. जर्मनीत नाझींचं राज्य, सरकारचा पैसा रेसिंगमध्ये ओतलेला, मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या मिळून नऊ चंदेरी गाड्या, लाखोंची गर्दी, बडे अधिकारी येऊन बसलेले. जर्मन गाडीच जिंकणार यात कुणाला शंकाच नव्हती. समोर इटलीचा ताझिओ नुवोलारी, ४२ वर्षांचा, अंगाने किरकोळ, छातीवर सोन्याच्या कासवाचा बिल्ला लावणारा. त्याची अल्फा रोमिओ पी३ तोवर जुनी झालेली, ताकदीत मर्सिडीजपेक्षा शंभरेक हॉर्सपॉवर कमी. हा फरक केवढा? सरळ रस्त्यावर तुम्ही स्कूटरवर आणि पुढचा बुलेटवर, एवढा.

पण सकाळपासून पाऊस भुरभुरत होता, रस्ता ओला, आणि ओल्या रस्त्यावर जास्त ताकद म्हणजे उलट डोकेदुखी. नुवोलारी ओढत ओढत पहिल्या नंबरवर आला. मग पेट्रोलला थांबला आणि पेट्रोल भरायच्या पंपाचा दांडा तुटला! कॅन घेऊन ओता आता. मर्सिडीजवाले पाऊण मिनिटात मोकळे झाले, याला २ मिनिटं १४ सेकंद लागले. पहिला होता तो सहावा झाला. हा गाडीशेजारी उभा राहून चडफडत होता म्हणतात, आणि का नाही चडफडणार?

बाहेर पडला तो एकेकाला गिळतच सुटला आणि दुसरा झाला. पुढे मर्सिडीजचा मानफ्रेड फॉन ब्राउखिच, मिनिटाहून जास्त पुढे. ब्राउखिच चांगला ड्रायव्हर, पण टायर खाणारा. नुवोलारी दर लॅपला काही सेकंद खेचतोय म्हटल्यावर त्यालाही पळावं लागलं, आणि जेवढा पळाला तेवढे टायर झिजले. टायर संपत आलेत हे पिटमध्ये कळत होतं, पण थांबवलं तर रेस गेली, म्हणून थांबवलं नाही. शेवटचा लॅप सुरू झाला तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या आसपास आघाडी उरलेली, आणि त्या शेवटच्या लॅपमध्ये ब्राउखिचचा मागचा टायर फुटला. नुवोलारी बाजूने निघून गेला. ब्राउखिच रिमवर घासत आला, पाचवा.

यावर काही लोक नाक मुरडतात, टायर फुटला म्हणून जिंकला, नशीब. मला नाही पटत. टायर आपोआप नाही फुटला हो, तो नुवोलारीने मागून ढकलून ढकलून फोडला! असंही सांगतात की आयोजकांकडे इटलीच्या राष्ट्रगीताची रेकॉर्डच नव्हती, कारण लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, शेवटी नुवोलारीकडची रेकॉर्ड लावली. खरं-खोटं देव जाणे, पण किस्सा त्या माणसाला शोभतो.

आता शेवटची रेस, आणि माझं मत विचाराल तर या तिघांतली सगळ्यात भारी, जरी तिच्यात पाठलाग वगैरे काही नाही. ४ ऑगस्ट १९६८, फान्जिओच्या त्या दिवसाला बरोबर अकरा वर्षं. धुकं एवढं की पुढचं काही दिसेना, वरून पाऊस. जंगलातून येणारं पाणी रस्त्यावरून आडवं वाहत होतं, आणि या लॅपला जिथे ओहोळ होता तिथे पुढच्या लॅपला कदाचित दुसरीकडे. स्कॉटलंडचा जॅकी स्टुअर्ट मात्रा नावाच्या फ्रेंच कंपनीच्या गाडीत. त्याला त्याच एप्रिलमध्ये अपघात होऊन मनगटाचं हाड मोडलेलं, हाताला प्लास्टिकचा आधार बांधून चालवत होता. आणि मनातून त्याला त्या दिवशी गाडी चालवायचीच नव्हती.

का नव्हती ते सांगतो. त्याच वर्षी ७ एप्रिलला त्याचा मित्र, ड्रायव्हर जिम क्लार्क, हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर अपघातात गेला. मे महिन्यात माइक स्पेन्स गेला. जूनमध्ये लुदोविको स्कार्फिओत्ती. जुलैमध्ये जो श्लेसर, तो तर फ्रेंच ग्रां प्रीमध्येच, पावसात. दर महिन्याला एक, आणि आता ऑगस्ट लागला होता.

सहाव्या नंबरवरून स्टुअर्ट सुटला. पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणाऱ्या पाण्याने डोळ्यापुढे पांढरा पडदा, म्हणजे धुक्यात आणखी धुकं. यावर उपाय एकच, तो पडदा पाठीमागे टाकायचा. त्याने पहिल्याच लॅपमध्ये पुढचे पाचही ओलांडले, दिसत नसताना, नऊएक सेकंदांची आघाडी घेतली आणि नंतर तो कुणाला दिसलाच नाही. डनलॉपचे पावसाळी टायर त्या दिवशी फार चांगले होते हे खरंय, ते श्रेय द्यायलाच पाहिजे. पण टायरला पुढचं वळण कुठंय ते माहीत नसतं ना, ते त्याच्या डोक्यात होतं, एकेक झाड, एकेक उतार. चौदा लॅप झाले आणि दुसरा आलेला ग्रॅहम हिल त्याच्या मागे होता ४ मिनिटं ३ सेकंदांनी. सेकंदांनी नाही, मिनिटांनी! स्टुअर्ट गाडीतून उतरून हातमोजे काढायचा आणि तरी हिल अजून जंगलातच असायचा.

आणि स्टुअर्टने उतरल्यावर पहिलं काय विचारलं, तर म्हणतात की आपण किती सेकंदांनी जिंकलो ते नाही, बाकीचे सगळे धड आलेत ना, ते. आले होते. त्या दिवशी सगळे आले होते.