सवलतीच्या फोनचा अर्ज कुठे मिळतो?

नमस्कार श्रोतेहो.

महिन्यातून दोनदा मी पुण्याहून पानशेतच्या वरच्या अंगाला जाते. तिथल्या वाड्यांमधल्या बचत गटांच्या बायकांचं कागदपत्रांचं काम असतं. रेशनकार्डात नाव घालणं, बँकेचं खातं, आधारातली चूक, असलं सगळं. गेल्या वर्षभरात तिथे एक प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. "ताई, गरिबाला फोनचं रिचार्ज सवलतीत मिळतं म्हणे. त्याचा फॉर्म कुठे भरायचा?"

आज याच प्रश्नावर बोलायचं आहे. आधी सरळ उत्तर देते, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. आपल्याकडे एखाद्या गरीब घराला महिन्याच्या फोनखर्चात सूट मिळावी म्हणून भरायचा असा अर्ज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सरकारकडून तीन महिने मोफत रिचार्ज, खालच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवा' असे निरोप फिरतात, ते खोटे आहेत. सरकारच्या माहिती खात्यानेही ते वेळोवेळी खोटे ठरवले आहेत. त्यावर बोट ठेवू नका. आलेला ओटीपी कुणाला सांगू नका. पैसे गेलेच, तर क्षणभरही न थांबता १९३० या नंबरवर फोन करा.

मग हे सवलतीचं बोलणं आलं कुठून? परवा एका बाईंनी मला त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने सांगितलेलं ऐकवलं, तेव्हा उलगडा झाला. तिथे अशी योजना खरोखर आहे. तिचं नाव लाइफलाइन, आणि ती १९८५ पासून चालू आहे. उत्पन्न गरिबीच्या ठरलेल्या रेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत असेल, किंवा घराला सरकारी अन्नमदत मिळत असेल, तर ते घर अर्ज करू शकतं. महिन्याला सव्वानऊ डॉलरपर्यंत बिल कमी होतं. आदिवासी जमातींच्या जमिनींवर राहणाऱ्यांना त्याहून बरीच जास्त सूट मिळते. सवलत माणशी मिळत नाही, एका घराला एकच मिळते. दरवर्षी आपण अजून पात्र आहोत हे पुन्हा दाखवावं लागतं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की फोन ही गरिबाच्या घरातली गरजेची वस्तू आहे, हे त्या योजनेने मान्य केलं.

आपल्याकडेही यासाठी पैसा आहे, पण त्याची वाट वेगळी आहे. २००२ पासून फोन कंपन्यांच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग एका निधीत जमा होतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला डिजिटल भारत निधी असं नाव दिलं. ज्या गावांत कंपन्यांना धंदा परवडत नाही तिथे टॉवर उभे राहावेत, तारा पोचाव्यात, यासाठी तो वापरतात. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने देशातल्या नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी पोचवायला २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. हे काम हवंच आहे. नेटवर्कसाठी टेकाडावर चढून, हात उंच करून उभं राहावं लागतं, ते मी स्वतः केलं आहे. पण टॉवर झाला तरी टॉवरपासून चुलीपर्यंतचा खर्च त्या घरानेच करायचा आहे. सरकारी मदत टॉवरपाशी थांबते.

तो खर्च किती, हे एका मावशींच्या फोनवरून सांगते. साठीच्या आहेत, भात आणि नाचणी करतात, शिवाय दोन म्हशी. फोन बटणांचा. त्यावर ना व्हिडिओ चालतो ना व्हॉट्सअ‍ॅप. त्या दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज मारत होत्या. मी पाहिलं, तर त्यात रोजचा इंटरनेट डेटा होता. रोज मिळायचा आणि रोज वाया जायचा. दुकानदाराने दिलं ते त्यांनी घेतलं. दुसरं काही मागता येतं, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. दुधाच्या पैशातून त्या न वापरलेल्या वस्तूची किंमत भरत होत्या.

श्रोतेहो, दुसरं मागता येतं. दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलला. प्रत्येक कंपनीने फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं, डेटा नसलेलं निदान एक रिचार्ज ठेवलंच पाहिजे. अशा रिचार्जची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ९० दिवस असे, ती ३६५ दिवसांपर्यंत नेता येऊ लागली. लगेच २०२५ च्या जानेवारीत खाजगी कंपन्यांनी अशी रिचार्ज आणली. ८४ दिवसांचं ४४८ ते ४७० रुपयांना, आणि वर्षाचं किंवा वर्षाला थोडं कमी असं १,७४८ ते १,८४९ रुपयांना. दर बदलत असतात, म्हणून आजचा आकडा विचारून घ्या. पण विचारताना शब्द नेमके वापरा. "स्वस्तातलं द्या" म्हटलं की अठ्ठावीस दिवसांचं हातात पडतं. "डेटा नसलेलं, फक्त बोलायचं, चौऱ्याऐंशी दिवसांचं द्या," असं म्हणा. दुकानदार नाही म्हणाला, तर त्याच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा, किंवा घरातल्या शिकलेल्या पोराला कंपनीच्या अ‍ॅपवर शोधायला सांगा.

वर्षाचं रिचार्ज दिवसाच्या हिशेबाने थोडं स्वस्त पडतं, पण अठराशे रुपये एकदम कुठून आणायचे? हातावर पोट असलेल्या घराला हीच अडचण. एकदम भरणाऱ्याला स्वस्त, थोडं थोडं भरणाऱ्याला महाग. आमच्या एका गटाने यावर वाट काढली. गटातून बाईला अंतर्गत कर्ज द्यायचं, आणि तिने ते महिन्याच्या हप्त्यात फेडायचं. खत-बियाण्याला देतो तसंच. आधी दोघीतिघी कुरकुरल्या, फोनला कशाला कर्ज म्हणून. मग गॅसचं सिलिंडर दारात आलं, ते ताब्यात घ्यायचा कोड बंद नंबरवर गेला, तेव्हा कुरकुर थांबली.

कारण आता नंबर नुसता बोलायचा उरलेला नाही. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी असो, पीएम किसानचा हप्ता असो, बँकेचा निरोप असो, ओटीपी त्या नंबरवर जातो. आणि आमच्या वाड्यांमध्ये बाईच्या आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा तिचा नसतोच. तो चाकणला किंवा हडपसरला कामाला असलेल्या मुलाचा असतो. तो दिवसपाळीला गेला की फोन पेटीत बंद. आई इकडे ई-सेवा केंद्राच्या बाकावर बसून राहते, आणि शेवटच्या एसटीने तशीच परतते. म्हणून म्हणते, स्वतःचं सिम स्वतःच्या नावावर घ्या आणि तोच नंबर आधार केंद्रात जाऊन जोडून घ्या. नवऱ्याच्या पश्चात सिम त्यांच्याच नावावर राहिलं असेल, तर कंपनीच्या केंद्रात कागद दाखवून ते आपल्या नावावर करून घ्या. सिम घेताना आधारच दिलं पाहिजे असा कुणी हट्ट धरला, तर लक्षात ठेवा की सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सिमसाठी आधारची सक्ती काढून टाकली. मतदार ओळखपत्रही चालतं.

पैसे नाहीत म्हणून महिना-दीड महिना रिचार्ज राहिलं, तर घाबरू नका, पण झोपूनही जाऊ नका. नंबर वापरात नसला तरी निदान ९० दिवस कंपनीला तो बंद करता येत नाही. खात्यात २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून नंबर आणखी ३० दिवस राखून ठेवावा लागतो. बंद झालाच, तर पुढे पंधरा दिवसांची सवड असते. ती गेली की तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळू शकतो. मग तुमचे बँकेचे निरोप कुणाच्या हातात पडतील याचा विचार करा.

आणि नेटवर्कच नसेल तर? तिथे स्वस्त आणि महाग सारखंच. वाडीत कोणाच्या फोनला दांडी दिसते ते आधी विचारा, मग त्या कंपनीत नंबर तोच ठेवून जा. इंग्रजीत पोर्ट असं लिहा, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० ला पाठवा. उलट एक कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. रिचार्ज कितीही किमतीचं असलं तरी हा एसएमएस जाऊ दिला पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. अडवलं, तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. क्रमांक हातात असला की पुढे अपील करता येतं. तो नसेल तर कुणी दाद देत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावरच्या घराला महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये रिचार्जपोटी मिळायलाच हवेत, तेही त्या घरातल्या बाईच्या नंबरवर. निधी आहे, रेशनकार्डांच्या याद्या आहेत. ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव करून घ्या आणि त्याची प्रत आमदार-खासदारांना द्या. आमच्याकडच्या एका वाडीने या पावसाळ्यात तसा ठराव केला आहे.

त्या मावशींनी घटस्थापनेला चौऱ्याऐंशी दिवसांचं रिचार्ज केलं. आम्ही दोघींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले, तर मुदत मार्गशीर्ष वद्यात संपत होती, संक्रांतीच्या आधी. त्या तारखेला त्यांनी दुधाच्या हिशेबाच्या पेन्सिलीने गोल केला. मग म्हणाल्या, त्याच्या चार दिवस आधी दूधवाल्याकडून पैसे मागून ठेवीन. आणि त्या चार दिवस आधीच्या तारखेवरही एक खूण केली.

नमस्कार.