सभोवार ताणलेलं

(दृश्य: द्रवाच्या पिशवीवरची छापील अक्षरं, अगदी जवळून.)

ही डायलिसिसची पिशवी. आत साधारण २ लिटर द्रव. नळीवाटे तो पोटात सोडायचा, ४ ते ६ तास तिथेच राहू द्यायचा, मग काढून टाकायचा. तेवढ्यात रक्तातली घाण एका पातळ पडद्यातून झिरपून त्यात उतरते. पडदा रुग्णाचाच. पोटाच्या पोकळीला आतून लागलेलं, आतड्यांवर वळून गेलेलं अस्तर.

पिशवीवर या अस्तराच्या नावाचं विशेषण आहे. इंग्रजीत पेरिटोनिअल, स्पॅनिशमध्ये पेरितोनेआल, इटालियनमध्ये पेरितोनेआले. फ्रेंचमध्ये एकवचनी पेरितोनेआल आणि पुल्लिंगी अनेकवचनात चक्क पेरितोनेओ!

(दृश्य: धाग्यांचा ताणा.)

मूळ ग्रीक. 'पेरी' म्हणजे सभोवार, 'तेइनेइन' म्हणजे ताणणे. सभोवार ताणलेलं. परका वाटतो ना शब्द? पण 'पेरी' हे आपल्या 'परि'चंच भावंड, आणि 'तेइनेइन'मागचा धातू तोच, ज्यातून संस्कृतात 'तन्' आला. आपलं ताणणं आणि तंतू त्याच घरचे. ग्रीक शब्द शब्दशः भाषांतरला असता, तर आपल्याकडे 'परितान' झालं असतं. परिभाषेत आलं 'पर्युदर': परि अधिक उदर. 'परि' राहिला, ताण गेला. मला ही अदलाबदल थोडी खटकते. पडदा उदराभोवती नाही, उदरातच आहे.

जर्मन माणूस याला 'बाउखफेल' म्हणतो, पोटाचं कातडं. 'फेल' म्हणजे तर जनावराचं केसाळ कातडं! नाम असं घरचं, विशेषण मात्र ग्रीकांकडून उसनं: 'पेरितोनेआल'. जपानीत 'फुकुमाकु', पोट आणि पडदा, सरळ हिशेब.

अरबीत 'सिफाक'. मध्ययुगात युरोपातल्या लॅटिन शस्त्रक्रियाग्रंथांतही हाच शब्द रुळला होता. पुढे विद्वानांना ग्रीकचं वेड लागलं आणि सिफाक हद्दपार झाला.

रशियनांनी मात्र विशेषणही घरीच घडवलं. 'ब्र्यूखो' म्हणजे पोट, त्यावरून पडदा 'ब्र्यूशिना'. मूत्रपिंडं या पडद्याच्या पोटात नसतातच. ती मागे, पाठीकडे असतात. 'झा' म्हणजे मागे. म्हणून ती जागा 'झाब्र्यूशिन्नी'. एका शब्दात शरीराचा नकाशा.

(दृश्य: पुन्हा पिशवी. आता खालची, भरत आलेली.)

चार तास झाले. बाहेर आलेला द्रव फिकट पिवळा, नितळ. पिशवीमागे छापील कागद धरून पाहतात. अक्षरं वाचता आली की ठीक. गढूळ असता, तर लगेच डॉक्टरांना फोन करावा लागला असता. पर्युदराला सूज येऊ लागल्याची ती खूण असू शकते.

अक्षरं स्वच्छ दिसतात. नवी पिशवी लागते.