आधी घड, मग क्लिक

(दृश्य: नाशिक, डिसेंबरातली सकाळ. रेंजवर अजून ऊन उतरलेलं नाही. चटईवर एक मुलगी पालथी झोपलेली, खांद्याशी रायफल.)

साडेसात वाजलेत. नाशिकच्या थंडीत बोटं लवकर वळत नाहीत, आणि इथं तर सगळी भिस्त एका बोटाच्या पहिल्या पेरावर. दिंडोरीच्या बाजूने वडिलांच्या गाडीवर मागे बसून आलेली ही अकरावीतली मुलगी आज पहिल्यांदाच पॉइंट टू टू, म्हणजे .22 इंच नळीची रायफल स्वतः झिरो करणार आहे. दोन वर्षं तिने एअर रायफल मारली, दहा मीटरवर, बंद हॉलमध्ये. आज पुढे 50 मीटर मोकळी जागा आहे. वारा आहे. थोड्या वेळाने ऊनही येईल.

झिरो करायचं म्हणजे काय? नेमबाजाची नजर सरळ जाते, गोळी जात नाही. 40 ग्रेनची, म्हणजे जेमतेम 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि सुटल्या क्षणापासून खाली यायला लागते. 50 मीटर गाठेपर्यंत ती सुमारे 12 सेंटिमीटर उतरलेली असते. म्हणून नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेलं असावं लागतं. किती वर, किती डावी-उजवीकडे, हे ज्यातून बघून नेम धरतात त्या मागच्या साइटचे दोन स्क्रू ठरवतात. नजर आणि गोळी यांची गाठ नेमकी टारगेटवर घालायची आहे. तिथलं दहाचं वर्तुळ आहे 10.4 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं.

(दृश्य: तिला नेमबाजी शिकवणारे सर मुलीच्या शेजारी उकिडवे बसलेले.)

सरांनी अजून गोळी हातात दिलेली नाही. आधी ते तिला डोळे मिटायला लावतात. दोन श्वास घे, अंग सैल सोड, आता उघड. डोळे उघडले तेव्हा साइटची रिंग काळ्या वर्तुळाच्या उजवीकडे गेलेली होती. हाताने ओढून ती मधे आणता आली असती, आणि शिकणारा प्रत्येक जण तेच करतो. पण ओढलेला हात गोळी सुटताना परत आपल्या जागी जातो. म्हणून डावं कोपर जागेवर ठेवून तिने कंबर आणि पाय जरासे सरकवले. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. असं चार वेळा. कॅमेऱ्यात हे सगळं कंटाळवाणं दिसतं, तरी आम्ही ते कापलेलं नाही, कारण झिरोचं अर्धं काम इथेच होतं.

पहिल्या तीन गोळ्या मोजायच्या नाहीत. काल नळी साफ झाली आहे, तेलाचा अंश गेल्याशिवाय ती खरं बोलत नाही.

मग चौथी.

"सर, डावीकडे खाली गेली."

"किती मारल्यास?"

"एक."

"एका गोळीवरून काही कळत नाही गं. स्क्रूला हात लावू नकोस. अजून चार मार, तिथेच नेम धरून."

हे वाक्य ऐकताना मला माझा एनसीसीतला दिवस आठवला. वाट्याला पाच गोळ्या आल्या होत्या. पहिली खाली डावीकडे लागली, म्हणून दुसरीला मी नेम वर उजवीकडे धरला. ती जास्तच वर गेली, म्हणून तिसरीला पुन्हा खाली आलो. पाच गोळ्या कागदाच्या पाच कोपऱ्यांत गेल्या आणि रायफल वाईट आहे असं समजून मी उठलो. पहिल्या गोळीत चूक रायफलची होती की माझ्या बोटाची, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या हाताला स्थिरपणा नव्हता, आणि मी दुरुस्त करायला निघालो होतो रायफल.

(दृश्य: स्पॉटिंग स्कोपच्या दुर्बिणीतून टारगेट. पाच भोकं एकमेकांना चिकटून.)

या पाच छिद्रांना सगळीकडे ग्रुप म्हणतात. सर त्याला घड म्हणतात. द्राक्षाच्या गावात हाच शब्द सुचणार, आणि तो चपखल आहे. मणी विखुरलेले असतील तर ती नेमबाजाची उणीव. घड दाट असेल पण भलत्याच जागी असेल, तर ती साइटची. दाट घड आल्याशिवाय सर स्क्रूड्रायव्हर खिशातून काढत नाहीत.

हिचा घड दाट आहे. त्याचा मध्य केंद्रापासून 24 मिलिमीटर डावीकडे, 12 मिलिमीटर खाली. तिच्या रायफलची साइट एका क्लिकला, म्हणजे स्क्रूच्या एका खटक्याला, गोळी 50 मीटरवर साधारण 3 मिलिमीटर सरकवते. म्हणजे आठ क्लिक उजवीकडे, चार वर. मागची साइट जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते, पुढची सरकवली तर उलट. स्क्रूवरच्या अक्षरांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. काही साइटवर अक्षर सांगतं गोळी कुठे न्यायची, तर काहींवर गोळी कुठे लागली आहे. नवीन साइट हाती आली की आधी मुद्दाम फिरवून एक गोळी मारायची आणि कागदालाच विचारायचं.

ती मोठ्याने मोजते. टक्, टक्, टक्. आठपर्यंत. मग वरचा स्क्रू, चार.

पुढच्या पाच गोळ्यांत तीन दहा, दोन नऊ.

(दृश्य: ऊन टारगेटवर आलेलं. वाऱ्याची छोटी निशाणं हललेली.)

एवढ्यात देवळालीच्या बाजूने तोफेचा दबका आवाज येतो. तोफखान्याच्या सरावाचा हा आवाज नाशिककरांच्या कानांना सवयीचा. ती हललीही नाही. पण ऊन आलंय. उजेड बदलला की काळं वर्तुळ डोळ्याला वेगळं दिसतं आणि घड थोडा सरकतो. एका बाजूने वारा धरला की आणखी सरकतो. गोळ्यांचा लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, बदलला तरीही. सकाळचा झिरो दुपारचा नसतो. आणि माझा झिरो तुमचा नसतो, कारण गाल रायफलवर टेकायची प्रत्येकाची जागा निराळी, डोळाही निराळा. तिची रायफल आत्ता सरांनी खांद्याला लावली तर त्यांची गोळी बहुधा दहात जाणार नाही.

याच शहरातल्या क्रीडा प्रबोधिनीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे नेमबाजी शिकला. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये त्याने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक घेतलं. गुडघ्यावर, पालथं, मग उभं राहून, एकाच स्पर्धेत तीन ठेवणी. प्रत्येक ठेवणीत डोकं वेगळ्या जागी येतं, म्हणून प्रत्येक ठेवणीचे क्लिक वेगळे. फायनलमध्ये घड्याळ चालू असताना ते बदलायचे असतात. त्या दुपारी आपण सगळ्यांनी आकडे पाहिले. त्या आकड्यांमागे अशा किती सकाळी असतील, ते या चटईशेजारी बसल्यावर जाणवतं.

(दृश्य: बोल्ट उघडा, चेंबर रिकामं. मुलगी वहीत लिहिते आहे.)

रायफल उघडी ठेवून तिने वही काढली. तारीख. पालथी. ऊन समोरून, वारा डावीकडून हलका. लॉट नंबर. उजवीकडे आठ, वर चार, ऊन आल्यावर खाली एक. अक्षर बारीक, पेन्सिलने, पावसात भिजलं तरी राहावं म्हणून.

सर रिकामी काडतुसं वेचतात, रजिस्टरशी ताडून पाहतात. दिलेल्या वीस, मारलेल्या अठरा, परत दोन. सही होते.

"आता उठ. उभं राहून बघू कुठे जाते."

ती वहीचं पान उलटते आणि वर लिहिते, उभी. खालची जागा कोरी आहे.