वाट्याला आलेलं स्टेशन

[पडद्यावर: सकाळची वेळ, बिल्डिंगखाली उभा छोटा टेम्पो. दोन माणसं कपाट उतरवतायत.]

मे महिना लागला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास दिसतात, गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि खाली उभे असलेले टेम्पो. मे का, तर शाळा. वर्ष मध्येच तोडता येत नाही ना, निकाल लागला की दाखला काढायचा आणि जूनच्या आत नवीन ठिकाणी पोरांना कुठेतरी चिकटवायचं, म्हणून ज्यांना जायचंच आहे ते मे मध्ये जातात. हा टेम्पो उभाय डोंबिवलीत. सामान माझ्या चुलतभावाचं. कपाट, गॅस, दोन सायकली, आणि ती हिरवी ट्रंक बघताय ना, ती आजोबांची, तिच्यावर अजून काळाचौकीचा पत्ता पेंटने लिहिलेलाय, म्हणजे या ट्रंकेचं हे तिसरं स्थलांतर.

भाऊ चाललाय शेलूला. शेलू कुठे विचाराल तर कर्जत लाईनला, वांगणी आणि नेरळच्या मध्ये. मी त्याला म्हटलं दादा एवढ्या लांब? तर म्हणाला, "अरे लांब कोणापासून?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, घरी आल्यावर पण सुचलं नाही, म्हणून हा व्हिडिओ.

[पडद्यावर: काळाचौकी, चाळीचा जिना, कठड्यावर वाळणारे कपडे.]

तर सुरुवात इथून. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, आत मोरी, संडास कॉमन. आजोबा रत्नागिरीकडून आले आणि गिरणीत लागले, त्या काळात या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे लालबाग, परळ, शिवडी, चिंचपोकळी, तुम्ही कुठल्याही खोलीत डोकावा, एक तरी गिरणीवाला असायचाच. खोलीचं भाडं किती, तर ऐकून हसाल, महिन्याला काही रुपये. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 सालच्या दरावर गोठवली होती आणि ती पुढे कित्येक दशकं जवळपास तशीच राहिली. मालकाला भाड्यात रस उरला नाही म्हणून त्याने दुरुस्ती करायचं सोडलं, पण आम्हाला परवडत होतं.

मग लोक म्हणतात की एवढं स्वस्त होतं तर सोडलं कशाला? हा प्रश्न मला लग्नात, बारशात, ट्रेनमध्ये सगळीकडे ऐकायला मिळतो, आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर नेहमी तो एक भाव असतो, की मराठी माणसाने पैसे बघितले आणि मुंबई विकून मोकळा झाला. मला याचा राग येतो, खरं सांगतो. कारण मी तो हिशोब बघितलाय, जमिनीवर बसून वहीच्या मागच्या पानावर केलेला.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप आजपर्यंत कोणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही, म्हणजे कागदावर माझे आजोबा वारले ते संपावर असतानाच. घरात ते म्हणायचे की पहिला दिवाळीचा बोनस गेला तेव्हा वाटलं पुढच्या दिवाळीला मिळेल. नंतर वडाळ्याला वॉचमनची नोकरी धरली. आजीने शेजारणींना पोळ्या करून दिल्या. भाडं तेवढंच होतं, पण भाड्याने पोट भरत नाही, तेल, डाळ, शाळेची फी, औषधं यांचे भाव कुठल्याच कायद्याने गोठवलेले नव्हते.

आणि तिघा भावांची लग्नं झाली. आता दहा बाय बारात तीन जोडपी कशी राहणार? पोटमाळ्यावर एक, खाली एक, आणि तिसरं पाळी लावून, माझी आई तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल अजूनही फार बोलत नाही. हसते आणि विषय बदलते.

1996 ला खोली विकली. पागडीची होती, म्हणजे भाड्याची असूनही आपला हक्क दुसऱ्याला विकता येतो, पण विकली तरी पूर्ण पैसे आपले नाहीत, मालकाला तेहतीस टक्के द्यायचे असा रिवाज. साडेचार लाख ठरले, त्यातले मालकाचे गेल्यावर तीन राहिले. आत्याने काहीही न मागता सही दिली (याबद्दल घरात कोणी तिला कधी धन्यवाद म्हटल्याचं मला आठवत नाही, आत्या, हा व्हिडिओ बघत असशील तर सॉरी). तीन भाऊ, तीन लाख. एकेकाच्या हातात एक लाख रुपये.

आता एक लाखात कुठे घर येतं? दादरला नाही, कुर्ल्याला नाही, मुलुंडला तर नाहीच. मग बाबांनी रेल्वेचा नकाशा काढला, आणि तिथून पुढे आमच्या घरात माणसाची ओळखच स्टेशनवरून व्हायला लागली. मोठे काका कंडक्टर, त्यांना पतपेढीचं कर्ज मिळालं म्हणून त्यांना डोंबिवली परवडली. धाकट्या काकांच्या सासुरवाडीने थोडी मदत केली, पण सासुरवाडी वेस्टर्न लाईनची, म्हणून ते नालासोपाऱ्याला. माझे बाबा एका दुकानात कामाला, पगार रोखीने, पगाराची स्लिप नाही त्यामुळे कर्ज नाही. आमच्या वाट्याला आलं बदलापूर.

वाट्याला आलं हे मी मुद्दामच म्हणतोय. गावाकडे भाऊ वेगळे झाले की कोणाला वरचं शेत, कोणाला खालचं, कोणाला विहिरीकडचं. इथे लाखाचे वाटे झाले आणि ज्याचा पैसा जिथपर्यंत पुरला तिथे तो उतरला.

[पडद्यावर: रेल्वेचा नकाशा. दादरपासून बोट सरकत जातं, ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर.]

हे एकट्या आमच्या घरात नाही झालं. जनगणना बघा. 2001 ला मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग, तिथे 33 लाख 38 हजार लोक होते. 2011 ला 30 लाख 85 हजार. देशाच्या आर्थिक राजधानीच्या मधोमध अडीच लाख माणसं कमी झाली. आणि ठाणे जिल्हा, पालघर तेव्हा त्यातच होता, 1 कोटी 10 लाखांवर जाऊन देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा बनला. आमचं बदलापूर 98 हजारांवरून पावणेदोन लाखाच्या घरात. मी लहान असताना स्टेशनच्या बाहेर भाताची शेतं होती, बेडूक ओरडायचे, त्या जागी आता साडीचं दुकान आहे चार मजली.

बाबांची नोकरी मात्र मुंबईतच राहिली. सीएसएमटी ते बदलापूर 68 किलोमीटर. फास्ट गाडी मिळाली तर सव्वा-दीड तास, पुढे बस, मागे स्टेशनपर्यंत चालणं किंवा शेअर रिक्षा. धरा चार तास रोजचे. काळाचौकीतून ते दुकानात चालत जायचे, पंधरा मिनिटांत, दुपारी जेवायला घरी यायचे. म्हणजे लांब घर घेऊन जे पैसे वाचले असं आपण म्हणतो ना, ते वाचले नाहीत, ते बाबा तासांमध्ये भरत होते आणि तीस वर्षं भरत राहिले. ते रात्री यायचे तेव्हा मी झोपलेलो असायचो. सकाळी निघायचे तेव्हाही झोपलेलोच. रविवारी आमच्याकडे एक माणूस येतो असं मी लहानपणी बालवाडीत सांगितलं होतं म्हणे.

[पडद्यावर: लोकलचा महिला डबा, बाहेरून. खिडकीत ताटली, त्यात निवडलेली मेथी.]

आईने पण नंतर नोकरी धरली. चारला उठायची, कुकर, चार डबे, आणि पाच चाळीसला दाराबाहेर. लेडीज डब्यात संध्याकाळी भाजी निवडतात यावर खूप कौतुकाचे व्हिडिओ होतात, वा काय त्या बायका वगैरे. आई म्हणते कौतुक कसलं, घरी जाऊन निवडली तर जेवायला साडेदहा वाजतात. पण ती हेही सांगते की त्या डब्यात तिला मैत्रिणी मिळाल्या, भिशी झाली, दसऱ्याला डबा सजवून पूजा, कोणाच्या मुलीचं स्थळ तिथेच जमलं. आणि भांडणं. अंबरनाथच्या बायका उलट्या बदलापूरला येऊन सीट पकडून परत जायच्या, याला रिटर्न मारणं म्हणतात, आणि यावरून जी भांडणं मी ऐकलीत ती इथे सांगू शकत नाही, लहान मुलं बघतात हा चॅनल.

खोलीतल्या जागेपायी आम्ही लांब आलो आणि इथे येऊन परत सीटच्या जागेसाठी भांडतोय. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवायला मिळालं की माणूस खूश.

[पडद्यावर: लोअर परळ, काचेची उंच इमारत, बाजूला गिरणीची एकटी चिमणी.]

आणि तिकडे गिरण्यांचं काय झालं, तर 1991 च्या विकास नियमांत असं होतं की गिरणी मालकाला जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली त्याला. 2001 ला नियम बदलला, वाटणी करायची ती फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालची त्यात धरायची नाही. आता गिरणी म्हणजे शेडच शेड, रिकामी जमीन असणार किती? प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2006 ला बदललेला नियमच कायम राहिला. तो सरळ तीन वाट्यांचा हिशोब मला बाबांच्या वहीतल्या हिशोबासारखा वाटतो, फरक एवढाच की आमच्या वाट्यात शेवटच्या क्षणी कोणी व्याख्या बदलली नाही.

सगळेच गेले असंही नाही हां. काही चाळींचं रीडेव्हलपमेंट झालं, वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट 2025 मध्ये 556 कुटुंबांना पाचशे स्क्वेअर फुटाच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, मला मनापासून आनंद झाला. पण टॉवरमध्ये गेलेल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांचं ऐका. घर फुकट मिळालं, लिफ्टचा मेंटेनन्स मात्र फुकट नाही. चाळीत भाडं महिन्याला शंभरच्या आत आणि आता मेंटेनन्स हजारांत, पेन्शनवर भरायचा कसा? त्यांनी घर भाड्याने दिलं आणि ते स्वतः राहायला गेले आसनगावला. त्या भाड्यावर त्यांचं घर चालतं, चांगलं चालतं. पण दर महिन्याला बीपीची गोळी आणायला परळच्या केईएम हॉस्पिटलला येतात. पूर्वी केईएमला स्लिपर घालून चालत जायचे, आता पहाटेची कसारा लोकल पकडून, सोबत कोणीतरी लागतं, त्या कोणीतरीचा दिवस बुडतो.

[पडद्यावर: पुन्हा डोंबिवली. टेम्पो भरत आलाय.]

तर दादाकडे परत येऊ. मोठ्या काकांचं, म्हणजे दादाच्या वडिलांचं घर दादाच्या धाकट्या भावाकडे, साडेतीनशे फुटात दोन कुटुंबं मावत नाहीत, तीच गोष्ट परत. म्हणून दादा भाड्याने. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, दरवेळी दहा टक्के वाढ, घर बदललं की ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, पाच वर्षांत तीन घरं. भाडं पंधरा हजारावर गेलं तेव्हा वहिनीने वही काढली (वही आमच्या रक्तात आहे). शेलूला वन बीएचके, वीस लाखाचं कर्ज, वीस वर्षं, हप्ता अठरा हजाराच्या आसपास. तीन हजार जास्त, पण घर आपलं. पासाचे थोडे वाढतील, शाळा बदलेल, वहिनीची ठाण्याची नोकरी जाईल बहुतेक, कारण कल्याणच्या पुढे कर्जतकडे अजून दोनच रूळ, लोकल पण त्यावर आणि मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या पण त्यावरच, आणि बदलापूरच्या पुढे तर गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीसाठी घड्याळ बघत बसायचं. नोकरी गेली तर अठरा हजार एका पगारात. हे वहीत लिहिलं होतं का? वहिनी म्हणाली लिहिलं होतं, मग खोडलं.

आता गंमत बघा. ज्या गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं द्यायची आहेत त्यांच्यासाठी सरकारने जागा कुठली पुढे केली, तर शेलू आणि वांगणी. जुलै 2025 मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानात जमले, म्हातारी माणसं काठी टेकत आली होती, मागणी एकच की घर मुंबईत द्या. माझ्या आजोबांचा पण हक्क बसतो त्यात. म्हणजे एक नातू शेलूला जाऊ नये म्हणून आझाद मैदानात उभा राहतो, तो मी, आणि दुसरा त्याच आठवड्यात शेलूचा हप्ता भरतो. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही जिंकलात तर मला फोन कर, मी ट्रंक उघडणारच नाही."

तो चिडून नाही म्हणाला हे. हसत म्हणाला.

[पडद्यावर: लालबाग, मसाल्याच्या डंकाची गल्ली, लाल मिरच्यांचे ढीग.]

टेम्पो सुटला साडेदहाला. वहिनी मात्र टेम्पोत नव्हती, ती सकाळी सहालाच लालबागला गेली होती. वर्षाचा मसाला कुटायचा होता. डोंबिवलीत मसाल्याच्या गिरण्या नाहीत का, आहेत, शेलूकडेही असतील, पण आजी इथून कुटायची, मग काकी, आता ही, आणि या गल्लीत मे महिन्यात उभं राहिलात तर रांगेत विरार, टिटवाळा, पनवेल, कर्जत सगळे भेटतील, जुन्या चाळीतले निम्मे शेजारी इथेच भेटतात, वर्षातून एकदा, नाकाला रुमाल लावून.

पाच किलो मसाला, दोन पिशव्यांत, वर चादर गुंडाळलेली. करी रोडला गाडीत चढली, कल्याणला कर्जत गाडी पकडली, गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून एक पिशवी थोडी उसवली, आणि उल्हासनगर ते वांगणी अख्खा डबा शिंकत होता. एका बाईने शिंकता शिंकताच विचारलं, लालबागचा का हो? कितीला दिला किलो?