उन्हानं जेरीला आलेलं पान

नमस्कार मंडळी. आपल्या निपाणी-चिकोडीच्या तंबाखूच्या मुलखात पिकाला ऊन जास्त झालं, असं कुणी सहसा म्हणत नाही. पाणी कमी पडलं म्हणतात. पानाला विचाराल, तर ते वेगळंच सांगेल.

भर दुपारच्या उजेडातला साधारण निम्मा मिळाला की तंबाखूच्या पानाचं अन्न करायचं काम शिगेला पोचतं. ऊस आणि ज्वारी याबाबतीत खमके, त्यांची घडणच निराळी. तंबाखूच्या पानातलं हरितद्रव्य मात्र हात भरले तरी उजेड गोळा करतच राहतं. मग त्या जादा ऊर्जेतून ऑक्सिजनचं घातक रूप तयार होतं, आणि उजेड पकडणाऱ्या यंत्रणेतलं डी-१ नावाचं प्रथिन मोडतं. पान मोडलेलं काढून नवं बसवतं. उन्हात हे दिवसभर चालूच. मोडतोड दुरुस्तीच्या पुढं गेली की अन्न तयार होणं घटतं. रान कोरडं असेल तर आणखी लवकर, कारण पाणी वाचवायला पान आपली छिद्रं मिटतं आणि कार्बन डायऑक्साइड आत येत नाही.

तळ्यातल्या शेवाळाच्या काही एकपेशीय जाती बऱ्या, दोन शेपट्या हलवत सावलीकडं पोहत जातात. झाड कुठं जाणार? ते जादा ऊर्जा उष्णता करून सोडून देतं. ही मोरी काही मिनिटांत उघडते, पण बंद व्हायला वेळ लावते. श्रावणातला ऊन-सावलीचा खेळ आठवा. ढग आला, उजेड कमी झाला, तरी पान तो फुकट घालवतच बसतं!

2016 साली अमेरिकेतल्या इलिनॉय इथं संशोधकांनी तीन जनुकांचा जोर वाढवून ही मोरी लवकर बंद होईल असं केलं. शेतातल्या झाडांचं सुकं वजन सुमारे 15 टक्क्यांनी वाढलं. प्रयोगाचं पीक कुठलं? तंबाखू! निपाणीकरांनी हे ऐकायलाच हवं.

माझी फजितीही सांगतो. ओसरीतला मनीप्लांट मी एप्रिलमध्ये थेट गच्चीवर नेला. चार दिवसांत पानं पांढुरकी. सावलीत वाढलेल्या पानाकडं उन्हाची तयारीच नसते. आता तरव्याची, म्हणजे लावणीआधीच्या कोवळ्या रोपांची, सावली मी एकदम काढत नाही. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग थोडं-थोडं वाढवत नेतो.